टाकाजवळची चावी

ज्योतिबा, आई झोपलीय म्हणून हळू बोलतो. घटाचा दिवा तेवतोय, घटातलं धान वीतभर वाढलंय, आणि तुझ्या टाकाशेजारी माझ्या गाडीची चावी आहे. दहा महिने झाले, ती तिथंच आहे. रोज सकाळी आई तुला हळदकुंकू वाहते, त्यातलं चिमूटभर चावीवर पडतं. तिच्या खाचा पिवळ्या झाल्यात. उद्या खंडेनवमी. पाने, पक्कड, मेगर, वायंडिंगचं मशीन, सगळं पुसून ठेवलंय. गाडी तेवढी पत्र्याच्या शेडमध्ये ताडपत्रीखाली उभी आहे. तिला हार घालायचा का, हे घरात कुणी विचारलं नाही. मीही विषय काढला नाही.

तुला सगळं ठाऊक आहे. तरी सांगू दे. माझ्याच तोंडून मी ते अजून नीट ऐकलेलं नाही.

डिसेंबरची रात्र होती. निपाणीहून चिकोडीला जाणारा रस्ता, खडकलाटच्या अलीकडं. थ्री फेज रात्री येते, त्यामुळं मोटारी जळतात त्याही रात्रीच. एका मळ्यातली पाच एचपीची मोटार चालू करून देऊन परतत होतो. समोरच्यानं अप्पर लाईट डोळ्यांत मारला. काही दिसेना, आणि दिसेना तेवढ्यात उसानं भरलेली ट्रॉली आली. आली कुठली, उभीच होती. मागं दिवा नाही, रेडियम नाही, लाल चिंधीसुद्धा नाही. हा त्यांचा दोष. पण हेल्मेटचा पट्टा मी लावला नव्हता. हेल्मेट घातलं होतं ते पोलिसांसाठी, डोक्यासाठी नव्हे. ते माझ्याआधी उडून रस्त्याकडेच्या चरीत पडलं. हे मी जबाबात सांगितलं नाही, घरातही नाही. आज पहिल्यांदा तुझ्यापुढं सांगतोय.

डोक्याला मार लागला नाही, कसा ते तूच जाणे. मांडीचं हाड मोडलं, कॉलर बोन मोडलं. ट्रॉलीवर उसाच्या मोळ्यांवर बसलेली टोळी खाली उतरली. बीडकडची माणसं. त्यांतल्या एका बाईनं उसाची दोन कांडकी पायाच्या दोन्ही बाजूंना लावली आणि जुनेराची पट्टी फाडून आवळली. "हलू नगंस दादा," एवढंच म्हणाली. एकशेआठ आली तेव्हा त्यांच्यातलं कुणी तिथं नव्हतं. पोलिसांचं लफडं नको म्हणून गेली असणार. मदत करणाऱ्याला चौकशीत अडकवायचं नाही, असा २०१६ चा कायदा याच कर्नाटकात आहे. पण फडावर पाचटाच्या खोपीत राहणाऱ्या बाईला तो सांगणार कोण?

तिचं नाव मला माहीत नाही. तुला असेल. नवा हंगाम तोंडावर आलाय, मुकादमाची उचल घेऊन झाली असेल, बिऱ्हाड बांधायला काढलं असेल. ती यंदा कुठल्याही कारखान्यावर जाऊ दे, तिच्या ट्रॉलीला मागं दिवा असू दे. माझं काही ऐकलं नाहीस तरी चालेल, एवढं ऐक.

बेळगावला नेलं. मांडीत रॉड घातला. केसपेपर कानडीत, संमतीचा कागद इंग्रजीत, आणि आईला येते ती मराठी. एका सिस्टरनं मराठीत समजावलं तेव्हा तिनं सही केली. मग ऑपरेशनच्या दाराबाहेर, चपला काढून, तिनं तुला हाक मारली. ती काय बोलली ते मला बायकोनं नंतर सांगितलं. "पोरगं उठू दे ज्योतिबा. तो परत गाडीवर बसणार नाही. मी शब्द देते."

मी उठलो. वॉकर, मग काठी, मग गुडघा वाकवताना डोळ्यांतून पाणी. श्रावणात डॉक्टरांनी एक्सरे उजेडासमोर धरला आणि म्हणाले, हाड जुळलंय, गाडी चालवायला हरकत नाही. बरोबर आई होती. ती एक्सरेकडं बघत राहिली, डॉक्टरांकडं तिनं बघितलंच नाही.

आता माझी तक्रार. आईचा आणि तुझा व्यवहार जुना आहे, त्यात मी पडत नाही. ६ एप्रिल १९८१ ला निपाणीत तंबाखूच्या शेतकऱ्यांवर गोळीबार झाला, तेव्हा बाबा तिथं होते. शरद जोशींच्या शब्दावर माणसांनी पुणे-बंगळूर हायवे अडवून धरला होता, बाबा त्यात बसले होते. मी अंगावर पिणारा. माणसं मेल्याची बातमी गल्लीत आली आणि आईनं तुला सांगितलं, ते परत आले तर चहा सोडते. बाबा संध्याकाळी आले, पायांत एकच चप्पल. तिनं चहा सोडला तो सोडलाच. विड्या वळायला बसलेल्या बायकांत ती एकटी पाणी पिते. बाबा गेले तेव्हासुद्धा घोट घेतला नाही.

म्हणजे आजवर ती जे बोलली ते तिनं स्वतः फेडलं. हा पहिलाच नवस असा की बोलली ती आणि फेडायचा मी. मी तर भूल देऊन आडवा होतो. मला विचारलंस का? माझ्याशिवाय माझा सौदा झाला, देवा. आणि धंदा कसा करायचा? वेदगंगेच्या काठच्या मोटारी एसटी स्टँडवर येत नाहीत. भाचा सोडायला येतो, पण त्याची परीक्षा आहे. गेल्या आठवड्यात तीन गिऱ्हाईकं दुसऱ्याकडं गेली.

आणखी एक. लोक म्हणतात, ज्योतिबानं वाचवलं. मी मान डोलावतो, पण आतून पटत नाही. २०२२ साली या देशात रस्त्यावर १,६८,४९१ माणसं गेली, त्यांतली पाऊण लाखाच्या घरात दुचाकीवरची. त्यांच्या आया दाराबाहेर उभ्या नव्हत्या का? त्यांनी चपला काढल्या नव्हत्या का? मला वाचवलंस असं म्हणायचं, तर त्यांना काय केलंस असं विचारावं लागतं. ते विचारायचं धाडस नाही, म्हणून मी मान डोलावतो.

हे सगळं मी गेले दोन महिने मनात घोळवलं. वकिलासारखं. नवस माझा नाही, पोटाचा प्रश्न आहे, डॉक्टरांनी परवानगी दिलीय. मुद्दे चांगले होते. मग पितृपंधरवड्यात एका रात्री सगळे झोपल्यावर शेडमध्ये गेलो. ताडपत्री काढली. चावी नव्हतीच, नुसता बसलो. स्टँडवर उभ्या गाडीवर. दोन्ही हात हँडलवर ठेवले आणि लांबून एक ट्रॅक्टर गेला. गाणी लावून जातात ना, तसा. माझे हात सुटेनात. घाम आला. रॉडच्या जागी थंड वाटलं. किती वेळ गेला ठाऊक नाही. कसाबसा उतरलो, ताडपत्री घातली, आणि सकाळी एका गिऱ्हाइकाला फोनवर सांगितलं, "आईचा नवस आहे हो, गाडीवर बसता येत नाही."

बघ, कसं सहज तोंडातून आलं. तो शेतकरी लगेच म्हणाला, बरोबर आहे, आईचा शब्द मोडू नये. मला मान मिळाला. भित्रा म्हणून नव्हे, आज्ञाधारक म्हणून. तेव्हापासून मी ते सात-आठ जणांना सांगितलंय. तुझ्याशी भांडतोय नवस मोडायला, आणि दिवसभर त्याच नवसाच्या आडोशाला बसतोय. आईनं तुला दिलेला शब्द मी छत्रीसारखा वापरतोय.

तू घोड्यावरचा देव. दख्खनचा राजा, रत्नासुराला मारणारा. कधी घोडा बुजला असेल, कधी तूही पडला असशील, पण ते कुणी लिहून ठेवलं नाही. लिहिलं असतं तर मला बरं झालं असतं. पडल्यावर पुन्हा रिकिबीत पाय घालताना तुझा गुडघा थरथरला का, एवढंच वाचायचं होतं.

मी गाडी चालवीन की नाही, हे आज मागत नाही. आईकडं खरं बोलायला तोंड दे. पट्टा लावला नव्हता, हे सांगायचंय. शेडमधली रात्र सांगायचीय. ती म्हणेल, मग नवस बरोबरच झाला. म्हणू दे. किंवा चैत्रात डोंगरावर येईल, गुलालात उभी राहून तुझ्याशी काय ते बोलेल. मी तिच्या मागं उभा राहीन, मध्ये पडणार नाही. पण आधी तिला हे कळू दे की पोरगं नवसामुळं थांबलेलं नाही, ते भ्यालंय.

सकाळी गाडी धुवायला काढतो. धुवायला चावी लागत नाही. झेंडूचा एक हार जास्तीचा आणलाय, तो पिशवीत आहे, बायकोला माहीत आहे. टाकापाशी हात घालायचा झाला तर तुझ्याकडं मागू की आईकडं?

ती उठली वाटतं. बांगड्या वाजल्या.