प्रश्नावरून रचिलेले गीत खरे असते काय?

एखादा प्रश्न मननासाठी घ्यावा, एकांतात तो आपल्या अंतःकरणास विचारावा, आणि जे उत्तर मिळेल ते ओवी किंवा अभंगाच्या रूपाने देवापुढे मांडावे, ही भक्तीची एक चांगली रीत आहे. परंतु तिजविषयी एक शंका घेतली जाते, आणि ती विचार करण्याजोगी आहे. शंका घेणारा म्हणतो, ‘खरी भक्ती आतून उसळते. दुसऱ्याने विषय द्यावा आणि आपण त्यावर पदे जुळवावी, हे शाळेतील निबंधासारखे झाले. अशा पदांत देवाचे नाव पुष्कळ असेल, पण सत्य किती असेल?’

ही शंका आम्ही हलकी मानीत नाही. देवाचे नाव व्यर्थ घेऊ नये अशी आज्ञा आहे, आणि जे मनात नाही ते देवाच्या नावाने गाणे हाही त्या आज्ञेचा भंगच होय. आमोस संदेष्ट्याच्या द्वारे देवाने आपल्या लोकांस बजाविले की, तुमच्या गीतांचा गलबला मजपासून दूर करा. त्यांच्या सुरात खोट होती म्हणून हे बजाविणे नव्हते. गाणे एक आणि जिणे दुसरे अशी त्यांची स्थिती होती. तेव्हा प्रश्न चालीचा किंवा यमकाचा नाही, प्रामाणिकपणाचा आहे.

तथापि बाहेरून विषय मिळाला एवढ्याने गीत खोटे होते, असे शास्त्र म्हणत नाही. दावीद राजाने उरीयाची स्त्री घेतली, उरीयास मारविले आणि तो स्वस्थ राहिला. त्याच्या अंतःकरणातून आपोआप काही उसळले नाही. मग नाथान संदेष्टा आला आणि त्याने एका गरिबाच्या एकुलत्या मेंढरीची गोष्ट सांगितली. राजाने रागावून न्याय दिला, आणि तो न्याय आपणावरच उलटला हे त्यास कळले. एकावन्नाव्या स्तोत्राच्या मथळ्यावरून ते पश्चात्तापाचे स्तोत्र ह्याच प्रसंगाचे आहे. बी दुसऱ्याच्या हातचे होते, परंतु पीक दाविदाच्या काळजातले होते.

ह्याच्या उलट उदाहरणही स्तोत्रांतच आहे. बाबेलच्या नद्यांकाठी बंदिवान बसले असता त्यांस धरून नेणाऱ्यांनी सीयोनेचे एखादे आनंदाचे गीत गाण्यास फर्माविले. तेथेही विषय बाहेरूनच आला. पण मागणाऱ्यांस सत्य नको होते, करमणूक हवी होती. बंदिवानांनी वीणा झाडांवर टांगून ठेविल्या. त्यांनी खोटा आनंद गायिला नाही, आणि ते न गाणेच एकशे सदतिसावे स्तोत्र होऊन आपणापर्यंत आले. ह्या दोन प्रसंगांवरून आम्हांस असे दिसते की, प्रश्न कोणी केला ह्यापेक्षा त्या प्रश्नाने खऱ्या उत्तरास जागा ठेविली की नाही, हे महत्त्वाचे आहे.

आपल्या देशातील मातामाउल्यांस हे फार पूर्वीपासून ठाऊक होते. जात्यावर बसलेली बाई पहिली ओवी अमक्यास, दुसरी तमक्यास अशा ठरीव आरंभाने गाऊ लागे. तो आरंभ तिने केलेला नसे, आईकडून किंवा सासूकडून आलेला असे. परंतु दळण सरत जाई तसतसे त्या ठरीव शब्दांमागून माहेरची आठवण, सासुरवास, गेलेले मूल, हे सगळे तिचे स्वतःचे बाहेर पडे. हेमा राईरकर आणि गी प्वातवाँ ह्यांनी व त्यांच्या सोबत्यांनी खेडोपाडी फिरून अशा एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. दिलेल्या आरंभाने त्या बायांचे मन बांधले गेले नाही, उलट मोकळे झाले.

आपल्या मराठी मंडळ्यांचे थोर कवी रेव्ह. नारायण वामन टिळक (१८६१–१९१९) ह्यांचे उदाहरण ह्याच धर्तीचे आहे. १८६९ ते १८७३ ह्या काळात त्यांचे प्राथमिक शिक्षण ठाणे जिल्ह्यातील कल्याण येथे झाले; १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला. तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो, हे त्यांचे म्हणणे प्रसिद्ध आहे. परदेशी गीतांची भाषांतरे मंडळ्यांत चालू असता त्यांनी ख्रिस्ताची भक्ती अभंगाच्या वळणावर आणिली. ‘ख्रिस्तायन’ हे काव्य त्यांनी १९०९ साली आरंभिले आणि दहा अध्याय लिहून ते अपुरेच राहिले. पुढे त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई ह्यांनी त्यात ६४ अध्यायांची भर घातली. लक्ष्मीबाई कधी शाळेत गेल्या नव्हत्या, त्या घरीच वाचावयास शिकल्या. विषय दुसऱ्याने आरंभिलेला होता, म्हणून त्यांची वाणी उसनी ठरली असे कोणी म्हणणार नाही.

आता कल्याणापासून फार दूर नसलेल्या भिवंडी तालुक्यातील वडप्याकडे पाहू. जेथे भाताची खाचरे होती, तेथे मुंबई–नाशिक महामार्गाच्या अंगाने गोदामांच्या रांगा उभ्या राहिल्या आहेत. समजा, तेथे पेट्या उचलणाऱ्या एका ख्रिस्ती बंधूस उपदेशकाने प्रश्न दिला: ‘आज तुझ्या मनावर कोणते ओझे आहे?’ तो प्रथम बहुधा असे लिहील की, माझ्या अंतरी शांतीचा सागर भरला आहे आणि दुःखाचा लेशही उरलेला नाही. हे शब्द वाईट नाहीत. पण त्याच दिवशी मुकादमाने त्याची हजेरी कापलेली आहे, आणि रागाने त्यास झोप येत नाही. मग ती शांती कोणाची? गीतांच्या पुस्तकाची, त्याची नव्हे. उपदेशकाने त्यास दोष न देता पुन्हा तोच प्रश्न विचारावा. दुसऱ्या खेपेस तो कदाचित असे लिहील:

पाठीवरचं ओझं माझ्या सांजेला उतरलं,
मनातलं ओझं देवा, उशाशी येऊन बसलं.

ह्या दोन ओळींत शांतीचे नावही नाही. परंतु पहिल्या पदापेक्षा ही प्रार्थना देवाच्या अधिक जवळची आहे असे आम्ही समजतो, कारण तीत एक खरा मनुष्य खऱ्या देवाशी बोलत आहे.

येथे कोणी विचारील, ‘तर मग जे अद्याप अनुभवास आले नाही, ते गाऊच नये काय? आशेचे काय?’ आशा अवश्य गावी. पण जे मिळाले नाही ते ‘मिळाले’ असे न म्हणता ‘दे’ असे म्हणावे. ‘माझा राग गेला’ हे आज खोटे असेल, ‘माझा राग घालीव’ हे आजही खरे असू शकते. एका क्रियापदाच्या फरकाने ढोंगाची प्रार्थना होते. आणि ‘दे’ म्हणण्याइतकीही इच्छा मनात नसेल, तर ती इच्छा नाही हेच लिहावे. अठ्ठ्याऐंशीवे स्तोत्र अंधारातच संपते, तरी पवित्र शास्त्राने त्यास जागा दिली आहे.

आमच्या उपदेशक बंधुभगिनींस दोन गोष्टी सुचवाव्याशा वाटतात. पहिली ही की, प्रश्नातच उत्तर घालू नये. ‘प्रभूने तुम्हांस किती आनंद दिला?’ असे विचारिले, तर दुःखी विधवेस खोटे बोलावे लागेल किंवा मुके राहावे लागेल. बाबेलच्या लोकांची मागणी ह्याच जातीची होती. आपल्या प्रभूने आंधळ्या बार्तीमयास, मी तुझ्यासाठी काय करावे, असे विचारिले. उत्तर त्याचे त्याच्यावर सोपविले. दुसरी ही की, एकांतात लिहिलेले पद लिहिणाऱ्याच्या संमतीवाचून मंडळीत वाचू नये. लोक वाहवा करतील हे मनात आले की लेखणी देवाकडे पाठ फिरवून लोकांकडे तोंड करिते. शिवाय त्यात घरातील भांडण किंवा पाप कबूल केलेले असेल, तर ते चव्हाट्यावर येणे हा विश्वासघात आहे.

ज्यांस अक्षर येत नाही, त्यांनी ह्यामुळे मागे राहावे असे नाही. दाविदाची स्तोत्रे गाइली गेली, जात्यावरची ओवी कागदावाचून पिढ्यान्‌पिढ्या चालली. तोंडाने रचावे आणि घरातील शिकलेल्या मुलाकडून लिहून घ्यावे. यमक जुळले नाही तरी चालेल. फक्त एवढे पाहावे की, जी ओळ आपण आपल्या शेजाऱ्यासमोर खरी म्हणून शपथेवर सांगू शकणार नाही, ती देवासमोर गाऊ नये.

तरी प्रिय वाचकहो, ह्या आठवड्यात निजण्यापूर्वी थोडा वेळ काढा आणि हे तीन प्रश्न आपणांस विचारा: आज मी कोणाचे देणे चुकविले नाही? आज कोणाच्या हातून मला देवाची दया मिळाली? मी देवापासून कोणती गोष्ट लपवीत आहे? ह्यांपैकी ज्या प्रश्नास उत्तर देणे सर्वांत जड वाटेल, त्यावरच चार ओळी रचा. जो अंतःकरणे पारखितो, तो त्या ओळींचा स्वीकार करो. आमेन.