रथाचे मोल आणि घोड्यांची वैरण

शास्त्रपाठ : १ राजे ४:२६-२८, १०:२६-२९, लूक १४:२८-३२



आमच्या भरवेलीकडे बैलजोडी घ्यावयास निघालेला शहाणा मनुष्य आधी घरची वैरण पाहतो. जोडीचे पैसे एकदाच मोजावे लागतात, वैरण मात्र रोज लागते.

शलमोनाच्या काळी मिसराहून येणाऱ्या एका रथाला सहाशे शेकेल रुपे पडत व एका घोड्याला दीडशे. राजापाशी रथ होते १,४००. हा हिशेब आम्ही शब्बाथशाळेतील मुलांना फळ्यावर करावयास दिला. सगळे रथ त्याच भावाने घेतले असे धरले, तर ८,४०,००० शेकेल होतात. शेकेल सुमारे ११ ग्रॅमचा, म्हणजे ही ९,००० किलोंहून अधिक चांदी झाली, आणि यात घोडे धरलेलेच नाहीत. मुले थक्क झाली. तेवढ्यात एका लहान मुलीने विचारले, "पण ते घोडे खात काय होते?"

खरे सांगावयाचे तर हा प्रश्न आमच्या टिपणात नव्हता. उत्तर चौथ्या अध्यायात सापडले. राजाचे बारा कारभारी होते. ते आपापल्या महिन्यात राजाच्या पंक्तीची तरतूद करीत आणि घोड्यांसाठी सातू व गवत नेमल्या ठिकाणी पोहोचवीत. सातू राजवाड्यात पिकत नसतो. तो कोणाच्या तरी खळ्यावरूनच उचलला जात असणार.

आजचे रथ आकाशात चालतात. रडारला सहजासहजी न सापडणारी 'स्टेल्थ' लढाऊ विमाने आता मोठ्या राष्ट्रांना हवी आहेत. असे विमान देशातच घडवण्यास आपल्या सरकारने मार्च २०२४ मध्ये मान्यता दिली. सुमारे १५,००० कोटी रुपयांची ही मंजुरी केवळ आराखडा व नमुन्याची विमाने यांसाठी आहे. वायुदलासाठी विमाने बांधण्याचा खर्च पुढे वेगळाच. आणि वैरण? अमेरिकेच्या एफ-३५ विमानांकडे पाहावे. तेथील सरकारी हिशेब तपासनिसांच्या २०२४ च्या अहवालाप्रमाणे, ही विमाने त्यांच्या सबंध आयुष्यात चालवावयास व दुरुस्त ठेवावयास सुमारे १ लाख ५८ हजार कोटी डॉलर लागतील. ती तयार करून विकत घेण्याचा जो खर्च आहे, त्याच्या तिपटीहून हा अधिक आहे. इंजिन, सुटे भाग, रडारच्या लहरी शोषून घेणारा अंगावरचा नाजूक लेप, सगळ्यालाच पैसा लागतो. विमान हँगरात उभे असले तरी त्याची वैरण थांबत नाही.

मग देशाने रक्षणच करू नये काय? असे आम्ही म्हणत नाही. आम्हांला हात झटकून बोलण्याची सोयही नाही. आमच्या गावचे लोक जमिनीखाली उतरून मँगनीज काढतात. ते पोलादात जाते, आणि पोलाद रुळाला लागते तसे तोफेलाही लागते. नाशिकजवळच्या ओझरला विमानांच्या कारखान्यावर कित्येक मराठी घरांची चूल पेटते. सीमेवर ज्यांचा मुलगा उभा आहे त्या आईला दुबळी सेना नको असते, आणि तिचे चुकते असे आम्हांला वाटत नाही.

पण प्रभू येशूने लढाईस निघालेल्या राजाचा दाखला दिला, त्यात तो राजा आधी खाली बसतो. दहा हजारांनी वीस हजारांना तोंड देता येईल काय याचा तो विचार करतो, आणि ते जमणार नसेल तर शत्रू दूर आहे तोवरच वकील पाठवून सलोख्याचे बोलणे लावतो. त्याला कोणी भित्रा म्हणत नाही. आपण मात्र प्रजासत्ताक दिनी विमाने डोक्यावरून गेली की टाळ्या वाजवतो (आम्हीही वाजवतो) आणि खाली बसण्याचे राहून जाते. अनुवादाच्या सतराव्या अध्यायात, राजाने फार घोडे बाळगू नयेत, अशी आज्ञा आहे. शलमोनाला ती ठाऊक नसेल काय?

गेल्या रविवारी मध्यस्थीच्या प्रार्थनेत आम्ही राज्यकर्ते व सैनिक यांच्याबरोबर, ज्यांच्या हाती देशाच्या हिशेबाची वही आहे त्यांचीही आठवण केली. मुलीचा प्रश्न अजून फळ्यावर आहे, तो पुसलेला नाही. पुढच्या रविवारी बारावा अध्याय घ्यावयाचा आहे : शलमोन मरण पावल्यावर लोक शखेमास जमतात आणि त्याच्या मुलाला विनवितात, तुमच्या बापाने लादलेले जू जरा हलके करा.