चादरीपलीकडचा निजाम

१९८६ सालच्या उन्हाळ्यात साताऱ्याला आमच्या घरामागे वाळूचा एक ढीग पडून होता. माडीचं बांधकाम पैशांपायी थांबलं होतं. शेजारचे सुभेदार आबा संध्याकाळी कुंपणापाशी येऊन त्या ढिगाकडे बघत उभे राहायचे. एके दिवशी ते वडिलांना म्हणाले, "मास्तर, म्हैनाभर ही वाळू पोरांना द्या. पावसाच्या आधी जागच्या जागी ढीग करून देतो."

आबा पायदळातून निवृत्त झाले होते. पलटणीत वर्षानुवर्षं त्यांच्याकडे एक खास काम असे, ते म्हणजे सँड मॉडेल तयार करण्याचं. अधिकाऱ्यांच्या चर्चेसाठी जमिनीवर वाळूचा मुलूख उभा करायचा. झाडीसाठी हिरव्या रंगात घोळलेला लाकडाचा भुसा, पाण्यासाठी नीळ, रस्त्यांसाठी चुन्याची रेघ. मॉडेल झालं की साहेब लोक छड्या घेऊन भोवती उभे राहत आणि वाद घालत. ढासळलेली टेकडी पुन्हा थापायला म्हणून आबा कोपऱ्यात थांबत, आणि ऐकत. माझ्या मते लढाईचं शास्त्र त्या कोपऱ्यात जितकं कळतं तितकं छडी हातात घेतलेल्याला क्वचितच कळत असेल.

चार दिवसांत आमच्या अंगणात पुण्यापासून बुऱ्हाणपूरपर्यंतचा मुलूख उभा राहिला. भीमा, गोदावरी आणि तापी निळीच्या, सह्याद्री ओल्या वाळूचा, औरंगाबाद म्हणजे एक पालथी वाटी. मोहीम पालखेडची, १७२७-२८ची, बाजीराव पेशव्यानं निजामाविरुद्ध केलेली. मी नववीत होतो आणि ती मोहीम मला तोंडपाठ होती, म्हणून बाजीराव मीच होणार हे मी न विचारताच ठरवून टाकलं. निजाम झाली माझी आत्तेबहीण, ताई. सुट्टीला आली होती. बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला होती आणि इतिहासाशी तिचं काही देणंघेणं नव्हतं. तिनं आबांना एकच विचारलं, "दाणावैरण कुठं कुठं मिळते?"

नियम आबांचे. चिंचोका म्हणजे घोडदळाची तुकडी, काड्यापेटी म्हणजे तोफखाना. घोडदळ एका डावात दोन वीत जाईल, तोफा बरोबर असतील तर अर्धी वीतच. फौज जिथून लुटत जाईल तिथं कोळशाची पूड टाकायची, आणि पूड पडलेल्या मुलखात परत आलात तर खायला काही नाही. सलग दोन डाव पाणी किंवा वैरण चुकली की चारातला एक चिंचोका जाणार. निजामाला आणखी एक काच होता. त्याच्या बाजूला कोल्हापूरचे संभाजीराजे आणि आशेनं आलेले सरदार होते. तीन डावांत काही पदरात पडलं नाही की त्यातला एक चिंचोका निघून जाणार. चकमकीचा निकाल पाच कवड्यांवर.

आणि मध्ये चादर. दोरीवर एक जुनी चादर टाकून आबांनी अंगण दुभागलं. अलीकडे आणि पलीकडे मुलूख तोच, पण दुसऱ्याचे चिंचोके आपल्याला दिसायचे नाहीत. हुकूम चिठ्ठीवर लिहून आबांना द्यायचा, आणि हेराला जेवढं दिसलं असतं तेवढंच ते कानात सांगायचे. १८२४ साली प्रशियात राइसविट्झ नावाच्या तोफखान्यातल्या तरुण लेफ्टनंटनं जवळपास अशीच रचना केली होती, हे मी पुष्कळ वर्षांनी वाचलं. १:८००० प्रमाणाचा नकाशा, लाल आणि निळे ठोकळे, लेखी हुकूम, फासे, आणि दोन्ही बाजूंच्या मध्ये बसलेला पंच. तिथल्या जनरल स्टाफचा प्रमुख म्युफ्लिंग पहिल्यांदा नाखुशीनंच बघायला बसला होता. डाव संपेपर्यंत त्याचं मत असं पालटलं की त्यानं अख्ख्या सैन्याला त्या खेळाची शिफारस केली. आबांनी राइसविट्झचं नावही ऐकलेलं नव्हतं. समोरच्याचं मन आपल्याला दिसत नाही, एवढं मात्र त्यांना पक्कं ठाऊक होतं, आणि त्यासाठी चादर पुरे होती.

मी बाजीरावाच्या पावलावर पाऊल टाकत निघालो. जालना लुटलं, सिंदखेड लुटलं. बुऱ्हाणपूरची हूल दिली. मग खानदेशातून गुजरातेकडे वळलो. आता निजाम चिडून पुण्यावर जाणार, मी औरंगाबादेकडे झेप घेणार, तो धावत परत येणार आणि पालखेडला कोंडला जाणार. (हे पालखेड वैजापूरकडचं. धरणाचं पालखेड वेगळं, ते नाशिक जिल्ह्यात.) प्रत्येक डावाला मी विचारायचो, "निजाम पुण्याला निघाला?" आबा मान हलवायचे. नाही.

ताई औरंगाबादेत बसून होती. कंटाळलेले दोन सरदार तिला सोडून गेले, तिनं ते जाऊ दिले. कौटिल्यानं राजनीतीचे सहा गुण सांगितले आहेत, त्यांत 'आसन' आहे, म्हणजे थांबून राहणं. आपल्याकडे त्याला कुणी पराक्रम म्हणत नाही, पण कौटिल्यानं त्याला संधी-विग्रहाच्या पंक्तीत बसवलं आहे. ताईला यातलं काही माहीत नव्हतं. मी दूर जाऊन परत येणार आणि परतीची वाट मीच जाळलेली असणार, एवढंच तिनं धरलं होतं. गोदावरीच्या उतारांवर ती माझी वाट बघत राहिली. मी पोहोचलो तेव्हा माझ्याकडे दोनतृतीयांश चिंचोके उरले होते आणि पायाखाली माझीच कोळशाची पूड होती. कवड्या पडल्या. मी साफ बुडालो.

"पण निजाम असं करतच नाही!" मी ओरडलो. "तो पुण्याला जातो! पुस्तकात आहे!"

"पुस्तकातला निजाम १७४८ साली मेला," आबा म्हणाले. "हितं ताई बसलीया."

मी ऐकायच्या मनःस्थितीत नव्हतो. एक कवडी दगडाला टेकून तिरकी पडली होती, ती धरायची नाही, असं मी म्हणालो. वाद घातला. रडकुंडीला आलो. आबांनी एक शब्दही न बोलता चादर बाजूला केली, माझे मेलेले चिंचोके एकेक करून वाळूत परत रोवले आणि ताईचे उचलून बाजूला ठेवले. "घे. झालं तुझ्या मनासारखं. जितलास."

त्या जिंकण्याची चव मला अजून आठवते. नंतर मी कितीदा हरलो, पण तसं ओशाळं कधीच वाटलं नाही.

दिवेलागणीला आबांनी मला ओट्यावर बोलावलं आणि एक गोष्ट सांगितली. मॉडेलभोवतीच्या कुठल्याशा चर्चेत एका कॅप्टनसाहेबांच्या तोंडून त्यांनी ती ऐकली होती. पुढे फुचिदा आणि ओकुमिया या दोन जपानी नौदल अधिकाऱ्यांच्या पुस्तकात ती मला तपशिलासकट सापडली. १९४२च्या मे महिन्यात यामातो या युद्धनौकेवर मिडवे बेटाच्या स्वारीची टेबलावर तालीम चालू होती. अमेरिकी विमानांनी जपानच्या विमानवाहू नौका गाठल्या, असा प्रसंग आला. पंच म्हणून बसलेल्या ओकुमियानं फासे टाकून हिशेब केला. नऊ बॉम्ब बसले, अकागी आणि कागा दोन्ही बुडाल्या. तालमीवर देखरेख करणारा उगाकी हा ज्येष्ठ अधिकारी म्हणाला, नऊ नव्हे, तीन धरा. मग कागा तेवढी बुडाली, अकागीचं किरकोळ नुकसानीवर निभावलं. पुढच्या मोहिमेची तालीम सुरू झाली तेव्हा बुडालेली कागाही पुन्हा तरंगू लागली होती.

"मग?" मी विचारलं.

"मग जून लागला."

४ जूनला अमेरिकी विमानांनी खऱ्या समुद्रात त्या दोन नौका गाठल्या, आणि त्यांच्याबरोबर सोर्यू आणि हिर्यूही. चारही गेल्या.

फाशांना भविष्य कळतं असं मी म्हणत नाही. नऊचा आकडा चुकीचाही असू शकला असता. पण अमेरिकी नौका आपल्याला हव्या त्या दिवशी, हव्या त्या ठिकाणीच येतील असं त्या मसलतीनं धरलं होतं, आणि तसं झालं नाही तर काय, हा प्रश्न त्या नऊ बॉम्बांनी टेबलावर आणून ठेवला होता. आकड्याबरोबर उगाकीनं तो प्रश्नही पुसून टाकला. ती तिरकी कवडी धरायची नाही असं मी म्हणालो तेव्हा माझ्या हातून तेच झालं होतं.

दुसऱ्या दिवशी आबा म्हणाले, "आज तू निजाम."

मला ती शिक्षा वाटली, पण रात्रभर जागून मी तयारी केली. निजामाची चूक मला ठाऊक होती. पुण्याला जायचंच नाही, ताईसारखं बसून राहायचं. पहिले तीन डाव बसलो, एक सरदार गेला. आणखी तीन डाव बसलो, दुसरा गेला. ताईची मात्र काहीच झीज होत नव्हती. ती गुजरातेत गेलीच नाही. हिरव्या भुशाच्या कडेकडेनं फिरत राहिली आणि घोडी ताजी ठेवली. सातव्या डावाला मला कळून चुकलं की असंच बसून राहिलो तर लढाईवाचूनच संपेन. निजाम निघाला होता शाहू महाराजांना नमवायला, संभाजीराजांना छत्रपती म्हणून उभं करायला. ते औरंगाबादेत बसून कसं व्हावं? मग तिला खेचून आणणारी एक जागा मला दिसली. मी हुकूम लिहिला, पुणे.

पुणं पडलं, बारामती पडली. आता ताई धावत येईल म्हणून मी वाट बघितली. ती आली नाही. पुण्याचा जो मान आपल्या मनात आहे तो १७२८ साली नव्हताच. शनिवारवाड्याचं बांधकामसुद्धा १७३० साली सुरू झालं. मी माझ्या काळातलं पुणं जिंकायला गेलो होतो. तेवढ्यात आबा कानात म्हणाले, "औरंगाबादेच्या वाटेवर धूळ दिसतीया."

माझी पालथी वाटी! तिथं माझं कोठार होतं, सरदारांची आशा होती. ती गेली तर पुण्याचं काय लोणचं घालायचं होतं? मी परत फिरलो. दोन डाव गेल्यावर लक्षात आलं की अर्ध्या-अर्ध्या वितीनं मी वेळेवर पोहोचणारच नाही. तोफा मागे ठेवल्या. तो हुकूम लिहिताना हात थांबला होता, कारण खऱ्या निजामानंही हेच केलं होतं, हे मला माहीत होतं. माहीत असूनही दुसरं काही सुचेना. गोदावरी ओलांडली. पुढच्या दोन्ही डावांत आबांनी माझ्याभोवती कोळशाची पूड टाकली आणि म्हणाले, "विहिरी आटल्यात, नदीकडं जायची वाट अडलीया."

मी वाळूकडे बघितलं. पालखेड होतं. २५ फेब्रुवारी १७२८ रोजी निजाम उभा होता तिथंच, आणि वेडेपणाचं एकही पाऊल न उचलता, मी उभा होतो. मागच्या सगळ्या चिठ्ठ्या मी चाळल्या. प्रत्येक हुकूम त्या त्या वेळी शहाणपणाचाच होता. पुस्तकात ज्याला मी निजामाची घोडचूक म्हणत आलो होतो ती मला कुठंच सापडेना. बाजीरावाचं मोठेपण त्या दिवशी मला पहिल्यांदा कळलं, आणि ते वेगात नव्हतं. त्यानं समोरच्यापुढे शहाणपणाच्या अशाच वाटा उघड्या ठेवल्या होत्या ज्या पालखेडला जात होत्या. चीनमध्ये सुन बिननं त्याच्या दोन हजार वर्षं आधी हेच केलं होतं. वेईच्या सैन्यानं झाओच्या राजधानीला वेढा घातला, तेव्हा सोडवायला तिकडे न जाता तो थेट वेईच्या राजधानीवर चालून गेला. सुन बिनची गोष्ट बाजीरावानं वाचली असण्याचा प्रश्नच नव्हता. त्यानं निजाम वाचला होता.

मुंगी-शेवगावचा तह आबांनी चिठ्ठीवर लिहून आणला आणि मी सही केली. इतिहासात तो ६ मार्चला झाला. आमच्याकडे तिन्हीसांजेला झाला, कारण आईनं जेवायला हाक मारली होती.

आबांनी चादर काढली. दोन दिवसांत पहिल्यांदाच मी उठून पलीकडे गेलो आणि ताईच्या जागेवर बसलो. तिथून माझा मुलूख निराळाच दिसत होता. वैजापूरच्या अंगाला, जिथं मला अख्खी फौज असल्याचा भास झाला होता, तिथं चार चिंचोके होते. शेवटच्या डावात मी तिकडे मुसंडी मारली असती तर सुटलो असतो.

"हे चारच?" मी विचारलं.

"तू नदीकडे बघत होतास ना," ताई म्हणाली.

तिच्या पायाशी एक वही पडलेली होती, पाठीमागच्या पानावर उघडी. तिच्या स्वतःच्या बेतांची नोंद असेल म्हणून मी ती उचलली. तिच्या बेताचा त्यात एकही शब्द नव्हता. डावांचे आकडे एकाखाली एक होते आणि प्रत्येकापुढे मी काय करीन ते लिहिलेलं होतं. तीन ठिकाणी तिचा अंदाज चुकला होता. त्या तीन ओळी खोडलेल्या नव्हत्या. त्यांच्याभोवती गोल करून, चुकल्यामुळे किती चिंचोके गेले तो आकडा शेजारी मांडला होता.

आई दुसऱ्यांदा हाक मारत होती. मी वही घेऊन दिव्याखाली गेलो आणि त्यातल्या पहिल्या गोलापासून वाचायला लागलो.