घरी राहिलेल्यांचे काय?



उधळ्या पुत्राचा दाखला आपल्याला इतका परिचयाचा आहे, की वाचकाने पहिले वाक्य उच्चारले तरी पुढचे सगळे डोळ्यांसमोर उभे राहते. वाटणी, परदेश, डुकरे, शेंगा, अंगठी आणि पोसलेले वासरू. प्रवचनात बहुधा धाकट्यावरच भर असतो. थोरला भाऊ शेतातून घरी पोहोचेपर्यंत प्रवचनाची दहा मिनिटे संपत आलेली असतात आणि त्या बिचाऱ्याच्या वाट्याला शेवटची दोन वाक्ये येतात. म्हणून या खेपेस आम्ही थोरल्याकडूनच सुरुवात करतो. त्यासाठी थोडे लांब, इंग्लंडमधील लिव्हरपूल शहरात जावे लागेल. आपल्या तरुणांची याला हरकत नसावी. शनिवारी रात्री इंग्लिश फुटबॉल पाहून रविवारच्या पहिल्या मिस्साला डोळे चोळत कोण कोण येतात, ते वेदीवरून स्पष्ट दिसते. ज्यांना फुटबॉलची गोडी नाही त्यांनी थोडा धीर धरावा.

लिव्हरपूलमध्ये दोन मोठे क्लब आहेत. एक शहराच्याच नावाचा, जगभर गाजलेला. दुसरा एव्हर्टन, निळ्या शर्टांचा. हा क्लब मुळात एका चर्चच्या अंगणात जन्मला. १८७८ साली सेंट डोमिंगो नावाच्या मेथडिस्ट चर्चच्या मंडळींनी तो सुरू केला आणि पुढच्याच वर्षी त्याला एव्हर्टन हे नाव मिळाले. १८९२ पासून २०२५ पर्यंत त्याचा पुरुष संघ गुडिसन पार्क या मैदानावर खेळला. त्या मैदानाच्या कोपऱ्यात, प्रेक्षकांच्या दोन स्टँडच्या मध्ये, अँग्लिकन पंथाचे एक चर्च आहे. ते संत लूकच्या नावाचे आहे. उधळ्या पुत्राचा दाखला चार शुभवर्तमानकारांपैकी एकट्या संत लूकनेच लिहून ठेवला, हे येथे आठवल्याशिवाय राहत नाही.

वेन रूनी हा याच शहरातील क्रॉक्सटेथ या कामगार वस्तीतला मुलगा. जन्म २४ ऑक्टोबर १९८५. कॅथोलिक घर, ‘द ला साल’ शाळा, आणि घरातील सगळे एव्हर्टनवाले. तो लहानपणीच क्लबच्या बालसंघात गेला. २००२ साली युवकांच्या एफ.ए. चषकाच्या अंतिम सामन्यात गोल केल्यावर त्याने शर्ट वर करून आतला टी-शर्ट दाखवला. एकदा जो निळा, तो कायमचा निळा, अशा अर्थाचे शब्द त्यावर होते. त्याच वर्षी १९ ऑक्टोबरला, सतरावा वाढदिवस पाच दिवसांवर असताना, त्याने आर्सेनलविरुद्ध शेवटच्या क्षणी लांबून गोल मारला. आर्सेनल तेव्हा लीगचा विजेता होता आणि लीगमध्ये सलग ३० सामने हरलेला नव्हता. एव्हर्टनच्या लोकांना त्या दिवशी केवळ एक खेळाडू मिळाला नाही. आपल्याच गल्लीतले, आपल्याच बोलीचे पोर मिळाले. गरिबाच्या घरी हुशार मुलगा निघावा, तसे ते झाले.

आणि दोन वर्षांतच तो गेला. ऑगस्ट २००४ मध्ये त्याने क्लब सोडण्याचा लेखी अर्ज दिला आणि महिनाअखेरीस अडीच कोटी पौंडांहून अधिक किमतीच्या करारावर मँचेस्टर युनायटेडकडे गेला. लिव्हरपूलहून मँचेस्टर पन्नासेक किलोमीटर आहे. परदेश नव्हे. पण दाखल्यातला परदेश तरी मैलांनी कोठे मोजलेला आहे?

तो पुन्हा गुडिसन पार्कवर खेळायला येई तेव्हा शिट्ट्या आणि शिव्यांनी त्याचे स्वागत होई. ऑक्टोबर २००८ मध्ये याच मैदानात त्याने युनायटेडच्या शर्टावरील बोधचिन्हाचे चुंबन घेतले. ज्यांनी तो टी-शर्ट पाहिला होता, त्यांना ते पाहून काय वाटले असेल हे सांगायला नको. इंग्लंडमध्ये असा क्लब सोडून गेलेल्या खेळाडूसाठी चाहत्यांचा एक ठरलेला शब्द आहे, यहूदा. चुंबन आणि पैसा दोन्ही हाताशी असल्यावर तो शब्द चटकन ओठांवर येतो. त्या शब्दाकडे आम्ही नंतर वळतो.

मँचेस्टरमध्ये रूनीने सगळे मिळवले. पाच वेळा लीगचे विजेतेपद, २००८ साली युरोपचा चँपियन्स लीग चषक, आणि सर बॉबी चार्लटन यांचा विक्रम मागे टाकून त्या क्लबसाठी सर्वाधिक २५३ गोल. मग वय वाढले, पाय मंदावले, संघातली जागा गेली. जुलै २०१७ मध्ये, तेरा वर्षांनी, तो एव्हर्टनला परत आला. एवढी वर्षे घरी मुलांबरोबर आपण एव्हर्टनचेच पायजमे घालत होतो आणि ते गुपित ठेवावे लागत होते, असे त्याने हसत सांगितले.

कोणी हे ऐकून विरघळले. आणि कोणी विचारले, की पायजमा निळा होता तर मग त्या बोधचिन्हाचे चुंबन कशाला? पंचविसाव्या वर्षी, अंगात जोर असताना का नाही आलास? त्यांना नको झालास म्हणून आमची आठवण झाली का?

बंधुभगिनींनो, हा प्रश्न क्षुद्र नाही. तो थोरल्या भावाचा प्रश्न आहे. त्या तेरा वर्षांत हीच माणसे दर हंगामाला खिशाला चाट लावून तिकीट काढत होती, पावसात बसत होती, हरलेला संघ पाहून घरी जात होती आणि पुढच्या शनिवारी पुन्हा येत होती. त्या काळात एव्हर्टनने एकही मोठा चषक जिंकला नाही. त्यांना कोणी कोकरू कापून जेवण दिले नाही. जो निघून गेला त्याच्यासाठी मात्र गाणी, कॅमेरे आणि दहा क्रमांकाचा शर्ट.

आता दाखला पुन्हा हळू वाचून पाहा. थोरल्याची तक्रार खोटी आहे असे बाप कोठेही म्हणत नाही. थोरला खरोखरच राबला होता. शिवाय एक गोष्ट सहसा कोणाच्या लक्षात येत नाही. मेजवानी सुरू झाली, वाद्ये वाजू लागली, पण शेतात काम करणाऱ्या थोरल्याला बोलवायला कोणी गेले नव्हते. घरात काय चालले आहे ते त्याला चाकराला विचारावे लागले. आनंदाच्या गडबडीत नेहमी घरी असणारा माणूसच विसरला गेला. आपल्या घरांत आणि धर्मग्रामांत हे नवीन नाही. दहा वर्षांनी चर्चमध्ये आलेल्या माणसाशी सगळे हस्तांदोलन करतात. दर शनिवारी वेदीवरची फुले बदलणाऱ्या बाईचे नाव मात्र अनेकांना ठाऊक नसते.

धाकट्याचा हेतू तरी शुद्ध होता काय? संत लूक काही लपवत नाही. पोरगा परतला तो भुकेने. बापाच्या चाकरांना पोटभर भाकर मिळते, हा हिशेब त्याने आधी केला आणि क्षमा मागण्याचे वाक्य वाटेत पाठ केले. एव्हर्टनच्या चाहत्यांना रूनीबद्दल जी शंका होती, ती या पोराबद्दल घ्यायला पुरेपूर जागा आहे. पण बापाने ते वाक्य पुरे होऊ दिले नाही. चाकर म्हणून ठेवा, हा भाग बोलायच्या आतच त्याने झगा मागवला. भुकेने आलास की प्रेमाने, हे दारात कोणी विचारले नाही. भुकेने का होईना, पाय या दिशेला वळले, एवढे बापाला पुरले. अशुद्ध हेतूने आलेला माणूस घरात राहता राहता शुद्ध होऊ शकतो. बाहेर राहून ते अवघड आहे.

आपल्याकडेही हे बोलणे कानावर येते. ‘आता पोरीचे लग्न आहे ना, म्हणून फादरांची आठवण झाली.’ ‘आजारपण आले, तेव्हा जपमाळ सापडली.’ असेल, तसेही असेल.

आता तो यहूदा हा शब्द. यहूदाला पश्चात्ताप झाला नव्हता असे नाही. संत मत्तय सांगतो की त्याने चांदीची नाणी परत नेऊन दिली. पण तो गेला कोणाकडे? ज्यांच्याशी सौदा केला होता त्या याजकांकडे. त्यांनी त्याला झिडकारले. आपल्या सोबत्यांकडे तो परतलाच नाही. पेत्रानेही तीन वेळा नाकारले होते, पण तो रडला आणि इतरांमध्ये परत गेला. तेथे त्याला थोरला भाऊ भेटला नाही, कारण त्या रात्री बहुतेक सगळेच पळाले होते. नाकारणाऱ्याला पळपुट्यांनी आत घेतले. यहूदाने त्यांचे दार ठोठावले असते तर काय झाले असते, हा विचार आम्हांला दर पवित्र आठवड्यात छळतो.

सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकताना जोसाया रॉइस या अमेरिकन तत्त्वज्ञाशी आमची ओळख झाली. निष्ठा हा त्यांच्या चिंतनाचा गाभा. १९१३ च्या ‘द प्रॉब्लेम ऑफ ख्रिश्चॅनिटी’ या ग्रंथात ते विश्वासघातक्याचा विचार करतात. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे. झालेला घात पुसता येत नाही. देवाच्या क्षमेनेही काल घडले ते घडलेच नाही असे होत नाही, आणि घात करणारा एकटा तर काहीच दुरुस्त करू शकत नाही. पण ज्या समाजाला जखम झाली, तो समाज, किंवा त्याच्या वतीने एखादा निष्ठावान, असे काही नवे कृत्य करू शकतो, की जे त्या घाताशिवाय कधी घडलेच नसते. आमच्या मते ती मेजवानी नेमकी असे कृत्य आहे. धाकटा गेलाच नसता तर ते वासरू त्या रात्री कापले गेले नसते. पण रॉइस यांचा विचार शेवटपर्यंत नेला तर मेजवानी एकट्या बापाची राहत नाही. जखम घराला झाली होती, त्यामुळे पंगतीत थोरल्याची जागा रिकामी असेल तर काम अर्धेच झाले.

याचे लहानसे उदाहरण रूनीच्याच आयुष्यात आहे. एव्हर्टनचे तेव्हाचे प्रशिक्षक डेव्हिड मोईस यांच्याविषयी त्याने आत्मचरित्रात जे लिहिले, त्यावरून मोईस यांनी त्याच्यावर बदनामीचा दावा लावला. २००८ मध्ये तो मिटला. रूनीने माफी मागितली. मिळालेली भरपाई मोईस यांनी एव्हर्टनच्या जुन्या खेळाडूंच्या साहाय्यनिधीला दिली. पुढे २०१३ मध्ये मोईस युनायटेडचे प्रशिक्षक झाले आणि त्यांनी रूनीला संघात ठेवले. एका माणसाची माफी अशी समोरासमोर मागता येते. चाळीस हजारांच्या जमावाची कशी मागणार? म्हणून तर ख्रिस्तसभेने पापनिवेदनाला एक खिडकी आणि पलीकडे एक कान ठेवला आहे. पाप सगळ्यांना लागते, आणि तो एक कान देवाच्या आणि सगळ्यांच्याच वतीने ऐकतो.

परतल्यावर पुढे काय? १२ ऑगस्ट २०१७ रोजी गुडिसन पार्कवरच्या लीगच्या पहिल्याच सामन्यात स्टोक सिटीविरुद्ध त्याने डोक्याने गोल केला आणि एव्हर्टन १–० ने जिंकला. महिनाही लोटला नाही तोच दारू पिऊन गाडी चालवल्याबद्दल तो पकडला गेला. न्यायालयाने दोन वर्षे वाहनबंदी आणि १०० तास समाजसेवेची शिक्षा दिली. नोव्हेंबरमध्ये वेस्ट हॅमविरुद्ध त्याने तीन गोल केले, त्यातला तिसरा मैदानाच्या आपल्याच अर्ध्या भागातून. आणि २०१८ च्या उन्हाळ्यात, एकच हंगाम खेळून, तो अमेरिकेला निघून गेला.

मेजवानीच्या दुसऱ्या दिवशी धाकटा सकाळी उठून शेतावर गेला की नाही, ते संत लूक सांगत नाही. बापाने तशी हमी घेतल्याचेही लिहिलेले नाही. परतलेला माणूस संत होऊनच येईल, अशी अट घातली तर दारातून कोणीच आत येणार नाही, आम्ही धर्मगुरूही नाही.

थोरल्याचे काय झाले, हेही संत लूक सांगत नाही. इतकेच सांगतो की बाप दोनदा बाहेर आला. धाकटा दूर दिसला तेव्हा एकदा, आणि थोरला रुसून अंगणात थांबला तेव्हा दुसऱ्यांदा. यजमानाने भरली पंगत सोडून बाहेर येणे ही साधी गोष्ट नव्हे. थोरला बोलताना भाऊ हा शब्द टाळतो. बाप उत्तर देताना तो शब्द हळूच परत त्याच्या पदरात घालतो. आपले जे काही आहे ते सारे तुझेच आहे, हेही सांगतो. आतून वाद्ये ऐकू येत असतात, आणि ते दोघे अजून बाहेर अंगणातच बोलत उभे आहेत.