कव्हर चढवलं, पुढे काय?

यवतमाळ जिल्ह्यातल्या बाभुळगावात मोबाइलच्या दुकानात जुना फोन विकायला आलेला माणूस एक वाक्य हमखास बोलतो : "भाऊ, घेतला तवापासून कव्हर काढलंच नाई." फोन जिवापाड जपल्याचा हा त्याचा दाखला. दुकानदार नखानं कव्हरचा कोपरा उचकटतो. आतून निघते घडी घातलेली दहाची नोट, मग देवाचा छोटा फोटो. त्याखाली काचेवर बारीक मातीचा थर, कॅमेऱ्याच्या उंचवट्याभोवती राखाडी कडं आणि कोपऱ्यांवर रंग उडून उघडी पडलेली कड. माती पुसली जाते, ओरखडे जात नाहीत. फोन एकदाही हातातून पडलेला नसतो, तरी भाव पडतो.

कव्हरचं मऊ प्लॅस्टिक काचेला ओरखडा पाडण्याइतकं कठीण नसतं. ओरखडा पाडतो तो आत शिरलेला वाळूचा कण. वाळूतलं क्वार्ट्‌झ कठीणपणाच्या मोहस मापावर 7 वर आहे, फोनची काच साधारण 6 च्या आसपास. कव्हर थोडं सैल झालं की हा कण आत जातो आणि मग बाहेर पडत नाही. खिशात, मोटारसायकलवर, ट्रॅक्टरच्या प्रत्येक हिसक्याला तो काचेवर घासत राहतो. कडक कव्हर कोपऱ्यांना आवळून बसतं, म्हणून रंग आधी तिथला जातो. पारदर्शक कव्हर पिवळं पडतं तेही मळानं नव्हे. उन्हानं आणि उष्णतेनं ते प्लॅस्टिकच बदलतं, मग कितीही घासा. उन्हाळ्याचं तर विचारूच नका. आयफोनची कंपनी 0 ते 35 अंशांत फोन वापरायला सांगते आणि यवतमाळ जिल्ह्यात मे महिन्यात पारा चाळिशीच्या वर असतो. चार्जिंगला लावलेला फोन तापत असेल तर कव्हर काढून ठेवा, असंही तीच कंपनी सांगते. उष्णतेनं बॅटरीचं आयुष्य घटतं, आणि ते ओरखड्यासारखं डोळ्यांना दिसत नाही.

कव्हर वापरूच नये असं माझं म्हणणं नाही. फरशीवर फोन आपटला तर तेच वाचवतं. 2016 मध्ये ॲपलनं चकचकीत काळा आयफोन 7 काढला, तेव्हा त्यावर बारीक ओरखडे दिसू शकतात, काळजी वाटत असेल तर कव्हर घाला, असं कंपनीनंच सांगितलं होतं. मला खटकते ती एकदा कव्हर चढवलं की आपली जबाबदारी संपली ही समजूत. सोफ्यावरचं, गाडीच्या सीटवरचं प्लॅस्टिक आपण वर्षानुवर्षं तसंच ठेवतो. खाली काय कुजतंय, हे उचलून पाहत नाही.

आपल्याच शेतकरी घरांत याहून शहाणी रीत आहे. पोळ्याच्या आदल्या दिवशी आपण बैलाचे खांदे शेकतो, हळद-लोणी लावून मळतो. जू ज्या जागी घासतं, त्या जागी मालकाचा हात गेलाच पाहिजे, हे आपल्या आजोबांना कुणी शिकवावं लागलं नाही.

फोनही आता शेतीचं अवजारच झाला आहे. 15 ऑगस्ट 2021 पासून राज्यात ई-पीक पाहणी मोबाइलवरून होते. शेतात उभं राहून पिकाचा फोटो काढायचा, तेव्हा सातबाऱ्यावर पेरा चढतो. सोयाबीन विकून किंवा हप्त्यानं घेतलेली ही वस्तू चार-पाच वर्षं टिकली पाहिजे. घरातला जुना फोन तर पुष्कळदा मुलीच्या वाट्याला येतो. मुलाला नवा आणि मुलीला उरलेला, हा वेगळाच अन्याय आहे आणि त्यावर स्वतंत्रपणे भांडलं पाहिजे. पण निदान तिच्या हाती येणारा फोन धड असावा.

म्हणून आठवड्यातून एकदा, बाजाराच्या दिवशी म्हणा, कव्हर काढा. साबणाच्या पाण्यानं धुऊन पूर्ण वाळू द्या. फोनवरची धूळ आधी हलकेच झटका, मगच मऊ सुती कापडानं पुसा. धूळ तशीच दाबून पुसली तर तिथेच नवा ओरखडा उठतो. नोटा पाकिटात ठेवा. सैल झालेलं कव्हर बदला. आणि दुकानदार भावांनो, नवं कव्हर चढवण्याआधी गिऱ्हाइकाचा फोन त्याच्यासमोर पुसा, आणि हे असं दर आठवड्याला करा म्हणून त्याला सांगा.