चित्रपट सुचविण्याची नीति

“घरीं बसून पाहण्याजोगा एखादा चांगला चित्रपट सुचवा,” हा प्रश्न हल्लीं सुशिक्षित कुटुंबांत जितक्या सहजतेनें विचारला जातो, तितक्याच सहजतेनें त्याचें उत्तरहि दिलें जातें. शनिवारचीं जेवणें आटोपलेलीं असतात, आजीपासून नातवापर्यंत सर्व मंडळी दिवाणखान्यांत जमलेली असते, समोरच्या पडद्यावर शेंकडों नांवांची यादी उघडी असते, आणि यादी जितकी लांब तितकी निवड अवघड असा अनुभव येऊन कोणी तरी मोबाईलवरून स्नेह्यास किंवा आप्तास विचारतें. पलीकडून एक नांव येतें, त्यापुढें “अवश्य पाहा” हे दोन शब्द असतात, आणि व्यवहार संपतो. एवढ्याशा व्यवहारांत नीतीचा प्रश्न शोधणें म्हणजे राईचा पर्वत करणें होय, असें पुष्कळांस वाटेल. आम्हांस तसें वाटत नाहीं. कोणाच्या कर्जास जामीन राहावयाचें झाल्यास आपण दहा वेळां विचार करतों. एखाद्या मुलीस स्थळ सुचवावयाचें झाल्यास दोन्ही घरांची माहिती काढतों. परंतु दुसऱ्याच्या घरांतील पांच माणसांची अडीच तासांची संध्याकाळ आपण एका शब्दानें खर्च करून टाकतों. पैसा परत देतां येतो, गेलेली संध्याकाळ परत देतां येत नाहीं. शिवाय येथें केवळ वेळाचा प्रश्न नाहीं. चित्रपट मनांत शिरतो, आणि आपल्या शब्दावर विश्वासून माणसानें दार उघडें ठेवलेलें असतें म्हणून शिरतो. तेव्हां चित्रपट सुचविणाऱ्यावर कोणती जबाबदारी येते, ह्याचा थोडा विचार करणें अप्रस्तुत होणार नाहीं.

प्रथम तीन वाक्यें एकमेकांपासून वेगळीं केलीं पाहिजेत. “हा चित्रपट मला आवडला,” हें पहिलें. “हा चित्रपट चांगला आहे,” हें दुसरें. आणि “हा चित्रपट तुम्ही पाहावा,” हें तिसरें. बोलण्याच्या ओघांत आपण हीं तिन्ही एकाच अर्थानें वापरतों, पण त्यांचे अधिकार भिन्न आहेत. पहिल्या दोहोंतील भेद कांट ह्या जर्मन तत्त्ववेत्त्यानें १७९० सालीं प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथांत मोठ्या मार्मिकपणें दाखविला आहे. अमुक मद्य मला रुचतें असें म्हणणारा फक्त स्वतःच्या जिभेविषयीं बोलतो. परंतु अमुक वस्तु सुंदर आहे असें म्हणणारा जणूं सर्वांच्या वतीनें बोलतो, आणि इतरांनीं आपल्याशीं सहमत व्हावें अशी अपेक्षा धरतो. पहिल्या वाक्यास पुरावा लागत नाहीं. दुसऱ्यावर वाद घालतां येतो. तिसरें वाक्य मात्र ह्या दोहोंच्या कक्षेबाहेरचें आहे. त्यांत “तुम्ही” हा शब्द आला, आणि तो येतांच अभिरुचीचा प्रश्न आचरणाचा झाला. चित्रपट उत्तम असूनहि तो अमक्यास सुचविणें अयोग्य, असें होऊं शकतें; आणि चित्रपट मध्यम असतांहि तो अमक्यास आज सुचविणें अगदीं योग्य, असेंहि होऊं शकतें.

डेव्हिड ह्यूमनें अभिरुचीवरील आपल्या १७५७ सालच्या निबंधांत ‘डॉन क्विक्झोट’मधील एक गोष्ट घेतली आहे. सँको पान्झाच्या दोन नातलगांस पिंपांतील मद्याची परीक्षा करावयास सांगितली. एक म्हणाला, मद्य उत्तम, पण किंचित् चामड्याची चव लागते. दुसरा म्हणाला, उत्तम, पण किंचित् लोखंडाची चव लागते. लोक दोघांसहि हंसले. परंतु पिंप रिकामें झाल्यावर तळाशीं चामड्याची वादी बांधलेली एक जुनी किल्ली निघाली! परीक्षकाची जीभ किती सूक्ष्म असावी, ह्याचा हा दृष्टांत आहे, आणि वृत्तपत्रांतून चित्रपटांचें परीक्षण लिहिणाऱ्यास तो पुरेसाहि आहे. परंतु हें मद्य पिणार कोण, असें त्या दोघांस कोणीं विचारलें नव्हतें. घरगुती शिफारस करणाऱ्यास नेमकें तेंच विचारलेलें असतें. त्याला पिंपाची पारख हवी, आणि पिणाऱ्याचीहि हवी.

चित्रपटगृहाच्या काळांत हा प्रश्न इतका तीव्र नव्हता. मुंबईस वॉटसन हॉटेलांत ७ जुलै १८९६ रोजीं ल्यूमिएर बंधूंच्या चलच्चित्रांचा खेळ झाला; तेव्हांपासून पाऊणशें वर्षें चित्रपट पाहणें म्हणजे घर सोडून कोठें तरी जाणें, असाच अर्थ होता. २ ऑक्टोबर १९७२ रोजीं मुंबईचें दूरदर्शन केंद्र सुरू झालें, आणि चित्रपट आपण होऊन घरीं येऊं लागला. परंतु जो लागेल तो पाहावयाचा, अशी स्थिति असल्यामुळें तेथें निवडहि नव्हती आणि शिफारसहि नव्हती. पुढें व्हिडिओच्या फिती आल्या, तबकड्या आल्या, आणि आतां इंटरनेटच्या योगानें हव्या त्या क्षणीं हवा तो चित्रपट, अशी चैन साध्य झाली आहे. ह्या सर्व स्थित्यंतरांत जुना चित्रपट होता तसाच राहिला. प्रेक्षक ज्या अवस्थेंत त्यास भेटतो, ती अवस्था मात्र पालटली.

ह्या अवस्थेचें महत्त्व आपल्या साहित्यशास्त्रानें हजार वर्षांपूर्वींच ओळखलें होतें. भरताच्या नाट्यशास्त्रावरील ‘अभिनवभारती’ ह्या टीकेंत अभिनवगुप्तानें रसास्वादाच्या आड येणारीं सात विघ्नें सांगितलीं आहेत. त्यांपैकीं एकाचें नांव ‘निजसुखादिविवशीभाव’, म्हणजे प्रेक्षकानें आपल्याच सुखदुःखांत गुरफटून जाणें. ज्याचें चित्त स्वतःच्या चिंतेनें व्यापलेलें आहे, तो दुसऱ्याच्या सुखदुःखाशीं तन्मय कसा होणार? ह्यावर उपाय म्हणून त्यानें गान, वाद्यें, रंगमंडपाची शोभा इत्यादिकांकडे बोट दाखविलें आहे. त्यांच्या प्रभावानें अरसिकाचेंहि मन निर्मळ होऊन तो सहृदय बनतो, असें तो म्हणतो. चित्रपटगृहांतील अंधार, तिकीट काढून मुद्दाम केलेली पायपीट, शेजारच्या अनोळखी माणसांचा श्वास, हीं सारीं त्या रंगमंडपाचींच आधुनिक रूपें होत. घरीं ह्यांतलें कांहींच नाहीं. कुकरची शिट्टी होते, दारावरची घंटा वाजते, हातांतला मोबाईल थरथरतो, आणि उद्यांच्या कामाची काळजी सोफ्यावर आपल्या शेजारींच बसलेली असते. म्हणून आमचें म्हणणें असें कीं, पूर्वीं जें काम रंगमंडप करीत असे, तें घरच्या प्रेक्षकासाठीं सुचविणाऱ्यानें केलें पाहिजे. चित्रपटाचें नांव सांगणें हा शिफारशीचा अर्धा भाग; पाहणाऱ्याचें मन त्या चित्रपटासाठीं तयार करून देणें हा उरलेला अर्धा.

उदाहरणांवांचून हें बोलणें पोकळ वाटेल. दामले व फत्तेलाल ह्यांनीं प्रभातसाठीं दिग्दर्शित केलेला ‘संत तुकाराम’ (१९३६) श्रद्धाळू आजीस सुचवावयाचा तर कांहींच प्रस्तावना नको. विष्णुपंत पागनीस पडद्यावर आले कीं काम झालें. पण तिच्या नास्तिक नातवास “भक्तिपट आहे” एवढेंच सांगणें म्हणजे त्याला जागेवरून उठवून लावणें होय. त्याला जिजाईकडे पाहावयास सांगावें. घरांत दाणा नसतां नवऱ्याच्या देवाशीं कडकडून भांडणारी ती बाई गौरी ह्या नटीनें अशी उभी केली आहे कीं, संतत्वाचा खर्च कोण सोसतें हा प्रश्न नास्तिकासहि सोडवत नाहीं. १९३७ सालीं व्हेनिसच्या महोत्सवांत ह्या चित्रपटाचा गौरव झाला. तेव्हां तो केवळ वारकऱ्यांसाठीं नाहीं, हें उघड आहे.

डी सीका ह्या इटालियन दिग्दर्शकाचा ‘बायसिकल थीव्हज’ (१९४८) बाप आणि मुलगा ह्यांनीं मिळून पाहण्याचा चित्रपट आहे. युद्धानंतरच्या रोममध्यें कष्टानें काम मिळालेल्या एका माणसाची सायकल चोरीस जाते, आणि ती शोधीत तो आपल्या लहान मुलासह शहरभर हिंडतो, कथानक एवढेंच. शेवट सांगूं नये, पण चित्रपट संपल्यावर लगेच दिवे लावूं नयेत, एवढें अवश्य सांगावें. चैतन्य ताम्हाणे ह्यांच्या ‘कोर्ट’मध्यें (२०१४) मुंबईतील एका शाहिरावरचा खटला आहे, व त्यांत कॅमेरा पुष्कळदां एका जागीं स्थिर राहून दुरून पाहत राहतो. जलद चित्रपटांची सवय असलेला प्रेक्षक विसाव्या मिनिटास उठेल, आणि दोष सर्वस्वीं त्याचा नसेल. न्यायालयांतील रेंगाळणें हा ह्या चित्रपटाच्या विषयाचाच भाग आहे, हें एक वाक्य त्याला बसवून ठेवण्यास पुरेसें होईल.

ओझू ह्या जपानी दिग्दर्शकाचा ‘टोकियो स्टोरी’ (१९५३) घ्या. म्हातारे आईबाप लहान गांवांतून मुलांकडे राजधानीस येतात; मुलें दुष्ट नाहींत, कामांत आहेत इतकेंच; आणि आईबापांस वेळ देते ती युद्धांत नाहींशा झालेल्या मुलाची विधवा. पुण्या-नागपुराहून मुलांकडे अमेरिकेस जाऊन आलेल्या वडील मंडळींस ह्यांत परकें असें फार थोडें वाटेल. परंतु हाच चित्रपट त्या आईबापांनीं मुलांस “अवश्य पाहा” म्हणून कळविला, तर ती शिफारस राहत नाहीं, टोमणा होतो. सासूनें सुनेस, गुरूनें शिष्यास, धाकट्यानें थोरल्यास सुचविलेल्या किती तरी चित्रपटांच्या पोटांत असा दंश लपलेला असतो. दुसऱ्याला सुधारण्यासाठीं चित्रपट सुचवूं नये. सुधारणेचें बोलणें असेल तर तें तोंडावर बोलावें. त्यासाठीं ओझूला मध्यस्थ घालूं नये.

आतां ह्या विषयांतील खरा अवघड प्रश्न. ज्याच्या घरीं दुःख आहे, त्यास त्याच दुःखाचा चित्रपट सुचवावा काय? सुमित्रा भावे व सुनील सुकथनकर ह्यांच्या ‘अस्तु’ (२०१३) ह्या चित्रपटांत चक्रपाणि शास्त्री नांवाचे संस्कृतचे वृद्ध पंडित आहेत. मोहन आगाशे ह्यांनीं ती भूमिका केली आहे. अल्झायमरच्या विकारानें त्यांची स्मृति विझत चालली आहे, आणि एके दिवशीं ते रस्त्यांतील एका हत्तीच्या मागोमाग निघून जातात. समजा, आपल्या एका स्नेह्याच्या वडिलांस हाच विकार आहे, रात्रंदिवस शुश्रूषा करून सारें घर थकलें आहे, आणि तो स्नेही विचारतो, “एखादा चित्रपट सांगा.” एक पक्ष म्हणेल, चार घटका विसर पडेल असा विनोदी चित्रपट द्यावा, अभिनवगुप्ताचें विघ्न तेथें मूर्तिमंत उभें आहे, रस कोठून येणार? दुसरा पक्ष म्हणेल, जें त्याला कोणाशींहि बोलतां येत नाहीं, तें पडद्यावर पाहून त्याचें मन मोकळें होईल. दुःखास रूप मिळालें कीं तें सोसवतें. दोन्ही पक्षांत तथ्य आहे. परंतु दोहोंत एक दोषहि समान आहे: त्या माणसाला न विचारतां त्याच्या वतीनें निर्णय करावयास दोघेहि निघाले आहेत.

कुरोसावाच्या ‘इकिरू’ (१९५२) ह्या चित्रपटांत शहराच्या कचेरींतील वातानाबे नांवाच्या वृद्ध अधिकाऱ्यास जठराचा कर्करोग झालेला असतो. डॉक्टर त्याला साधा व्रण आहे म्हणून सांगतात. त्यांचा हेतु दयेचाच असतो. पण दवाखान्यांत भेटलेल्या एका रोग्याच्या बोलण्यावरून खरें काय तें त्याला आधींच उमगलेलें असतें. आणि तें उमगल्यामुळेंच उरलेल्या थोड्या महिन्यांत तो मुलांसाठीं एक बाग उभी करून जातो. दुःखिताला सत्य झेपणार नाहीं असें परस्पर ठरविणारी दया दिसते तितकी निरुपद्रवी नसते. उलट, सत्य त्याच्या हितासाठीं त्याच्या गळीं उतरविणें हीहि दांडगाईच होय. ह्या दोहोंमधून वाट आहे, आणि ती साधी आहे. स्नेह्यास म्हणावें, “तुमच्या घरीं जें चाललें आहे, तेंच ह्या चित्रपटांत आहे. तो हताश करणारा नाहीं, पण सोपाहि नाहीं. आज पाहा, वर्षानें पाहा, किंवा मुळींच पाहूं नका. आज नुसती करमणूक हवी असेल, तर हें दुसरें नांव घ्या.” इतकें बोलावयास एक मिनिट लागतें. त्यानें कथानकाचें कुतूहल थोडें उणें होईल. पण माणसाच्या हातीं त्याची निवड राहील, आणि आमच्या मतें ह्या सौद्यांत नुकसान नाहीं.

येथें यंत्राचाहि विचार केला पाहिजे. चित्रपट घरपोंच देणाऱ्या कंपन्या आज स्वतःच शिफारस करतात. आपण मागें काय पाहिलें, कोणता चित्रपट अर्धवट सोडला, आपल्यासारखी आवड असलेल्या इतरांनीं काय पाहिलें, ह्याची जुळणी करून पुढचें नांव समोर येतें. त्यांत पुष्कळदां अचूकपणा असतो, हें नाकारणें अप्रामाणिकपणाचें होईल. स्नेह्याचा अंदाज त्याहून अधिक वेळां चुकत असेल. मग स्नेह्याच्या शिफारशींत अधिक तें काय? एक तर, यंत्र आपल्या मागील पाहण्यावरून पुढचें पाहणें काढतें. जें आपण कधींच पाहिलें नसतें त्याची भूक आपल्याला असूं शकेल, हें ओळखण्यास आपणांस ओळखणारें माणूस लागतें. आणि दुसरें असें कीं, शिफारस फसली तर यंत्राला खजील होतां येत नाहीं. स्नेह्यास येतें, कारण “तुम्ही पाहावा” असें म्हणतांना, आपलें मन कोठें हललें ती जागाहि त्यानें दाखवून ठेवलेली असते. जो शब्द देतांना देणाऱ्याचें कांहींच पणास लागत नाहीं, त्या शब्दाला माहिती म्हणावें. शिफारस म्हणूं नये.

पणास लागलेलें हें मन सांभाळण्याचें कर्तव्य घेणाऱ्यावरहि येतें. न आवडलेल्या चित्रपटाविषयीं “छान होता” असें खोटें बोलणें ही सभ्यता नव्हे. त्यानें पुढची शिफारसहि चुकीचीच येणार. काय खटकलें तें सांगावें, आणि ऐकणाऱ्यानें तें ऐकून घ्यावें. सत्यजित राय प्रभृतींनीं १९४७ सालीं स्थापन केलेली कलकत्त्याची फिल्म सोसायटी काय, किंवा १९६८ सालचें मुंबईचें प्रभात चित्र मंडळ काय, अशा संस्थांनीं मिळून चित्रपट पाहण्याची आणि पाहिल्यावर बोलण्याची संवय लावली. त्या बोलण्यांतून मतभेद मिटले नसतील, पण मतभेद असतांहि पुढचा चित्रपट एकत्र पाहतां येतो, हें शिक्षण तेथें मिळालें. घरांतहि तें मिळूं शकेल. त्यासाठीं सुचविणाऱ्यानें एक गोष्ट आधींच मनाशीं ठरवून ठेवावी लागते: आपल्याला जो चित्रपट प्राणापलीकडे आवडला, तो आपल्या जिवलग माणसासहि नावडण्याचा पूर्ण हक्क आहे. हा हक्क ज्याला मनापासून देववत नाहीं, त्याला चित्रपटापेक्षां स्वतःचीच वाहवा हवी असते. ज्याला तो देववतो, त्यानें अवश्य सुचवावें, आणि चार दिवसांनीं “पाहिला का?” म्हणून तगादा लावूं नये.