वाटा वेगळ्या हव्यात

सेमाडोह, हरिसालवरून धारणीकडे येताना फोनवरचा आवाज मधेच तुटतो. माणूस दोन पावलं सरकतो, फोन दुसऱ्या कानाला लावतो आणि आवाज परत येतो. मेळघाटात याचं कुणाला नवल वाटत नाही. मला मात्र त्या दोन पावलांत बिनतारी विद्येचा सगळा इतिहास दिसतो.

900 मेगाहर्ट्झच्या लहरीची लांबी साधारण 33 सेंटिमीटर असते. टॉवरवरून निघालेली ही लहर एका सरळ रेषेत आपल्यापर्यंत येत नाही. गाविलगडच्या कड्यांवर, सागाच्या बुंध्यांवर, घरांच्या पत्र्यांवर आपटत ती अनेक वाटांनी येते आणि प्रत्येक वाटेची लांबी वेगळी असते. एका लहरीचा उंचवटा दुसरीच्या खळग्यावर पडला की दोघी एकमेकींना पुसून टाकतात. तिथून वीतभर बाजूला त्याच लहरी एकमेकींना बळ देत असतात. म्हणजे आवाज हरवला तेव्हा तो गावातून गेलेला नसतो, त्या नेमक्या बिंदूवरून गेलेला असतो.

मग माणसानं कशाला सरकायचं? दोन बिंदूंवर दोन अँटेना ठेवावेत. अटलांटिकपलीकडून येणारे लघुलहरींचे संदेश असेच विरत, तेव्हा बेव्हरेज आणि पीटरसन या अभियंत्यांनी एकमेकांपासून दूर उभारलेल्या तीन अँटेनांची रचना 1931 साली मांडली. तिच्यामागचं गणित शाळेतलं आहे. एका अँटेनाचा संदेश दहात एकदा बुडत असेल, तर दोन्ही एकाच वेळी बुडण्याची शक्यता शंभरात एक, आणि चारही बुडण्याची दहा हजारांत एक.

या हिशेबाला एक अट आहे आणि माझ्या मते सगळं मर्म तिच्यात आहे: एकाचं बुडणं दुसऱ्याच्या बुडण्याशी जोडलेलं नसावं. भर पावसात पाड्यावरून तालुक्याला निरोप धाडायचा म्हणून दोन माणसं पाठवली आणि दोघांच्या वाटेत एकच नाला असला, तर पूर आल्यावर दोघेही एकाच काठावर अडकतात. माणसं दोन झाली, वाट एकच राहिली. म्हणूनच अँटेना किती आहेत याआधी त्यांच्यात अंतर किती, कोन किती, हे विचारावं लागतं. टॉवरवरच्या त्या लांबट पांढऱ्या पेटीत अनेकदा एकमेकांना काटकोनात, पण जमिनीशी तिरपे बसवलेले अँटेनांचे दोन संच असतात. रानातून येताना लहरींचं या दोन दिशांचं कंपन वेगवेगळ्या रीतीनं विस्कटतं आणि एक मंदावलं तरी दुसरं तगून राहतं.

1998 साली सियावश अलामूटी यांनी प्रक्षेपणाच्या बाजूनं एक सुंदर युक्ती दिली. पहिल्या क्षणी दोन अँटेनांतून दोन चिन्हं जातात. पुढच्या क्षणी तीच दोन जागा बदलून, ठरल्याप्रमाणे एकाची खूण उलटवून, पुन्हा जातात. दोन्ही क्षणांचा हिशेब जुळवला की चिन्हं सुटी होतात आणि प्रत्येक चिन्ह दोन वाटांनी येऊन पोचलेलं असतं. ऐकणाऱ्याकडे एकच अँटेना असला तरी हे साधतं. मला यातला न्याय भावतो: खात्रीचा भार साध्या फोनवर न टाकता तो टॉवरनं उचलला.

याच्या आधी, 1992 मध्ये, स्टॅनफर्डला आरोग्यस्वामी पॉलराज आणि थॉमस कैलथ यांनी बहु-अँटेना पद्धतीच्या एकस्वाचा अर्ज केला होता. 1994 मध्ये ते मिळालं. कैलथ जन्मानं पुण्याचे, 1956 साली पुण्याच्याच अभियांत्रिकी महाविद्यालयातून पदवी घेतलेले. पॉलराज खडकवासल्याच्या प्रबोधिनीतून नौदलात गेलेले. पाण्याखालचे आवाज टिपणारी सोनार यंत्रणा त्यांनी नौदलासाठी घडवली होती, आणि अनेक कानांनी ऐकलेलं एकत्र जुळवायचं हे काम सोनारमध्येही तेच. एकस्वामागचा दोघांचा विचार धाडसाचा होता: वेगवेगळ्या अँटेनांतून एकाच वेळी वेगवेगळे प्रवाह पाठवून वेग वाढवायचा. लहरींचं विखुरणं तोवर शत्रू मानलं जाई, त्यांनी त्यालाच कामाला लावलं. दर्यापूरच्या सपाट काळ्या रानात लहर जवळपास थेट येते, एकाच वेळी पाठवलेले दोन प्रवाह तिथं वेगळे ओळखणं अवघड जातं. मेळघाटाच्या खडबडीत भूमीत वाटाच अनेक, म्हणून प्रवाह सुटे होतात.

पण अँटेनांची हीच शक्ती वेगासाठी खर्चायची की खात्रीसाठी? दोन्ही एकदम पूर्ण मिळत नाहीत, हे झेंग आणि त्से यांनी 2003 साली गणितानं दाखवलं. शहराला वेग हवा असेल. धारणी तालुक्यात बाळंतपणाच्या कळा सुरू झालेल्या बाईसाठी 108 ला फोन लावायचा असतो. तो एक फोन तुटू नये, यासाठी मी वेग आनंदानं सोडून देईन.

आणि या विद्येची हद्दही ओळखायला हवी. अनेक अँटेना लहरींच्या आपसातल्या मारामारीवर इलाज करतात, आख्ख्या डोंगराच्या सावलीवर नाही. दरीच्या तळाशी सगळ्याच वाटा एकदम क्षीण होतात, तिथं टॉवरची जागा बदलावी लागते किंवा लांब लहर लागते. 2016 मध्ये डिजिटल गाव म्हणून पुढं आलेल्या हरिसालला दूरचित्रवाणीच्या मोकळ्या राहिलेल्या लहरी वापरून पाहिल्या गेल्या, त्या यासाठीच. ओल्या, भरल्या पानांच्या रानातून लांब लहर कमी झिजते.

शिवाय टॉवरवर चार अँटेना असोत की चौसष्ट, खाली त्याला एकच केबल आणि एकच वीजतार असेल, तर झाड पडल्यावर सगळे एकदम मुके होतात. चारांचे दहा हजार पुन्हा दहावर येतात. अभियंत्यांनी टॉवरच्या माथ्यावर पाळलेली अट पायथ्याशीही पाळली पाहिजे. धारणीहून एक रस्ता परतवाड्याकडे घाट उतरतो, दुसरा बऱ्हाणपूरकडे जातो. एक केबल या रस्त्यानं आणि दुसरी त्या रस्त्यानं न्यायला हवी, राज्याची सीमा मधे येत असली तरी.